ऐंशी सामन्यांचा हिशेब

ख्रिस एव्हर्ट आणि मार्टिना नवरातिलोव्हा एकमेकींविरुद्ध ८० सामने खेळल्या. पहिला सामना मार्च १९७३मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अ‍ॅक्रन शहरात झाला. शेवटचा नोव्हेंबर १९८८मध्ये शिकागोत. त्यांतले ६० सामने कुठल्या ना कुठल्या स्पर्धेच्या अंतिम फेरीतले होते आणि १४ तर ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या अंतिम फेरीतले. मार्टिनाने ४३ जिंकले, ख्रिसने ३७. टेनिसचा इतिहास सांगणारे बहुतेक जण हा आकडा देतात आणि निकाल लावून मोकळे होतात: दोघी थोर, पण मार्टिना काकणभर सरस. या निकालात चूक काही नाही. अडचण एवढीच, की बेरीज मांडली की क्रम पुसला जातो आणि या दोघींची खरी हकीकत क्रमातच दडलेली आहे.

सामने ज्या क्रमाने झाले त्या क्रमाने मांडले, तर त्यांचे चार तुकडे पडतात. पहिल्या २५ सामन्यांत ख्रिस २१–४ अशी पुढे होती. पुढच्या २३ सामन्यांत मार्टिनाने १४ जिंकले, ख्रिसने ९. त्यानंतरचे, म्हणजे डिसेंबर १९८२पासून सप्टेंबर १९८४पर्यंतचे १३ सामने ओळीने मार्टिनाचे. उरलेल्या १९ सामन्यांत मार्टिना १२, ख्रिस ७. पहिल्या तीन तुकड्यांबद्दल भरपूर लिहिले गेले आहे: एकीचा उदय, दुसरीचा पाठलाग, मग सत्तांतर. चौथा तुकडा मात्र शेपटासारखा मागे राहतो, कारण त्यात वयाची तिशी ओलांडलेली माजी सम्राज्ञी जास्त वेळा हरलेली दिसते. माझे म्हणणे असे, की चारांतला सर्वांत मोलाचा तुकडा हाच. ओळीने १३ वेळा हरलेली खेळाडू तिशीनंतर त्याच प्रतिस्पर्धीला सात वेळा हरवते, तेव्हा ती जुन्या पुण्याईवर खेळत नसते. तिने आपला खेळ पाडून पुन्हा बांधलेला असतो. आणि तो तसा बांधण्याची सक्ती तिच्यावर करणारी, शिवाय तो कसा बांधायचा हे दाखवणारी, नेटपलीकडची बाईच होती. मोठ्या खेळाडूंच्या अखेरच्या वर्षांना आपण सरसकट ओहोटी म्हणतो. या प्रकरणात तो शब्द पुराव्यावर टिकत नाही.

सुरुवातीची विषमता आधी नीट पाहायला हवी. ख्रिसचा जन्म १९५४चा, फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलचा. वडील जिमी एव्हर्ट तिथल्या हॉलिडे पार्कच्या सार्वजनिक कोर्टांवर टेनिस शिकवत आणि ती कोर्टे मातीची होती. लहानपणी एका हाताने बॅकहँड मारण्याइतके बळ अंगात नव्हते म्हणून तिने रॅकेट दोन्ही हातांनी धरली आणि पुढे तोच फटका जगभरच्या मुलींनी उचलला. बेसलाइनवर उभे राहायचे, चेंडू खोल टाकत राहायचे, आपण चूक करायची नाही, समोरच्याला करू द्यायची: हा तिचा खेळ. १९७०मध्ये, पंधराव्या वर्षी, तिने शार्लटच्या एका स्पर्धेत मार्गारेट कोर्टला हरवले, तेव्हा कोर्टने वर्षातल्या चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकून काही आठवडेच झाले होते. ऑगस्ट १९७३पासून मे १९७९पर्यंत मातीच्या कोर्टावर ख्रिसने सलग १२५ सामने जिंकले. इतक्या नेमक्या यंत्राला बदलाची गरज कशी वाटावी?

मार्टिना तिच्याहून पावणेदोन वर्षांनी लहान. जन्म प्रागचा, बालपण जवळच्या रेव्हनित्से गावातले, पहिले धडे सावत्र वडिलांकडून. युरोपातल्या लाल मातीवर वाढूनही तिची ओढ नेटकडे होती. डावखुरी सर्व्हिस, लगोलग पुढे धाव आणि व्हॉली. सप्टेंबर १९७५मध्ये, अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत ख्रिसकडूनच हरल्यावर, तिने न्यूयॉर्कमध्ये आश्रय मागितला. वय अठरा. मायदेश, घर, माणसे मागे राहिली आणि कोर्टावरही तिचे मन लवकर विस्कटायचे. याच काळात दोघी दुहेरीत एकत्र खेळत. १९७५ची फ्रेंच आणि १९७६ची विम्बल्डन दुहेरी त्यांनी जोडीने जिंकली. मग ख्रिसने ही जोडी मोडली, कारण शेजारी उभी राहून मार्टिना आपला खेळ फार जवळून वाचते आहे हे तिच्या ध्यानात आले. पुढच्या दहा वर्षांचे बीज या छोट्याशा निर्णयात सापडते. प्रतिस्पर्धी आपल्याकडून शिकते, हे आघाडीवर असलेलीला आधी कळले. तिच्याकडून आपणही शिकावे, हे कळायला मात्र मागे पडावे लागले.

दोन खेळाडूंना एकमेकींकडून शिकायचे तर आधी पुरेशा वेळा भेटायला हवे, आणि ही सोय त्यांच्या आधीच्या पिढ्यांना मिळालेली नव्हती. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातल्या दोन सर्वांत मोठ्या खेळाडू, सुझान लेंग्लेन आणि हेलन विल्स, एकेरीत आयुष्यात एकदाच समोरासमोर आल्या: फेब्रुवारी १९२६, कान. लेंग्लेन ६-३, ८-६ने जिंकली आणि त्याच वर्षी व्यावसायिक होऊन हौशी टेनिसच्या जगातून बाहेर पडली. एका सामन्यातून हरणारीला काय शिकता येणार आणि शिकलेले आजमावायचे कुठे? अल्थिया गिब्सनने १९५७ आणि १९५८ अशी सलग दोन वर्षे विम्बल्डन आणि अमेरिकेचे अजिंक्यपद जिंकले आणि लगेच हौशी टेनिस सोडले, कारण चषकांनी पोट भरत नव्हते. हे चित्र पालटले ते १९७०नंतर. त्या वर्षी बिली जीन किंगसह नऊ जणींनी ग्लॅडिस हेल्डमन यांच्या पुढाकाराने स्वतंत्र स्पर्धांची वाट धरली आणि त्यातून व्हर्जिनिया स्लिम्स मालिका उभी राहिली. १९७३मध्ये महिला टेनिस संघटना स्थापन झाली आणि अमेरिकन ओपनने स्त्री-पुरुषांना सारखी बक्षिसे दिली. १९७६मध्ये ख्रिस बक्षिसांतून दहा लाख डॉलर मिळवणारी पहिली महिला टेनिसपटू ठरली. तिशीनंतर खेळत राहणे हा आता वेडेपणा राहिला नव्हता, तो रास्त व्यवसाय झाला होता. ८० हा आकडा दोन बायकांच्या जिद्दीइतकाच या व्यवस्थेचाही आहे.

आता मधला काळ. १९८१च्या वसंतात अमेलिया आयलंडच्या मातीवर ख्रिसने मार्टिनाला ६-०, ६-०ने हरवले. मार्टिना तोवर दोनदा विम्बल्डन जिंकलेली होती, म्हणजे हा पराभव नवख्या मुलीचा नव्हता. त्याच सुमारास बास्केटबॉलपटू नॅन्सी लीबरमन तिच्यासोबत काम करू लागली आणि मार्टिनाच्या दिवसाचा आराखडाच बदलला. धावणे, वजने उचलणे, बास्केटबॉलच्या पद्धतीचा सराव, रॉबर्ट हास यांनी आखून दिलेला आहार; कोर्टावर आधी रेनी रिचर्ड्स आणि १९८३पासून माइक एस्टेप यांचे मार्गदर्शन. टेनिसपटूने, त्यातून बाईने, शरीर इतके ठरवून घडवायचे ही कल्पना तेव्हा नवी होती आणि पुष्कळांना खटकणारीही. वर्तमानपत्रांनी एकीला गोड, शालीन अमेरिकन मुलगी आणि दुसरीला यंत्रमानव असे साचे पाडून दिले. साचे बाजूला ठेवून आकडे पाहू. १९८२, १९८३ आणि १९८४ या तीन वर्षांत मार्टिनाने एकेरीचे २६० सामने खेळून फक्त सहा गमावले. त्यांतले १९८३ हे वर्ष ८६ विजय आणि एक पराभव असे गेले. १९८४मध्ये तिने सलग ७४ सामने जिंकले.

ख्रिसच्या वाट्याला या काळात काय आले? १९८३च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत ६-१, ६-३. १९८४च्या पॅरिसच्या अंतिम फेरीत, म्हणजे तिच्या स्वतःच्या मातीवर, ६-३, ६-१. महिन्याभराने विम्बल्डनमध्ये ७-६, ६-२, आणि तिथे एकूण हिशेब ३०–३० असा बरोबरीत आला. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या अंतिम फेरीत तिने पहिला सेट घेतला, पण सामना ४-६, ६-४, ६-४ असा मार्टिनाचा झाला आणि इतिहासात पहिल्यांदाच मार्टिना पुढे गेली. या काळात ख्रिसने दोन ग्रँड स्लॅम जिंकली हे खरे; पण १९८३च्या पॅरिसमध्ये कॅथी होर्वाथने आणि १९८४च्या मेलबर्नमध्ये हेलेना सुकोव्हाने मार्टिनाला आधीच घरी पाठवले होते. वाट मोकळी झाल्यावर ख्रिस जिंकत होती, वाट अडवली गेली की हरत होती. एकोणतिशी उलटलेल्या, १६ ग्रँड स्लॅम अजिंक्यपदे नावावर असलेल्या खेळाडूने अशा वेळी सन्मानाने निरोप घेतला असता, तर कोणी बोट दाखवले नसते.

तिने वेगळे केले, आणि जे केले त्यावर मार्टिनाच्या कामाचा ठसा उघड दिसतो. वर्षानुवर्षे जिचा व्यायाम म्हणजे टेनिसच, ती व्यायामशाळेत वजने उचलू लागली. लाकडी रॅकेट सोडून तिने ग्रॅफाइटची घेतली. डेनिस राल्स्टन यांच्या मार्गदर्शनाखाली संधी दिसताच नेटकडे धावण्याची सवय लावून घेतली. बेसलाइन हेच जिचे घर, तिच्यासाठी हे उंबरठा ओलांडण्यासारखे होते. यातला प्रत्येक बदल मार्टिनाने आधी करून दाखवलेला होता. जानेवारी १९८५मध्ये, तिसावा वाढदिवस होऊन महिना उलटतो न उलटतो तोच, ख्रिसने फ्लोरिडातल्या अंतिम सामन्यात मार्टिनाला ६-२, ६-४ने हरवले आणि १३ पराभवांची साखळी तुटली.

जून १९८५चा पॅरिसचा अंतिम सामना या बदलाचा सर्वांत मोठा पुरावा आहे. वर्षापूर्वी याच कोर्टावर ख्रिसला चारच गेम मिळाले होते. या वेळी तिने पहिला सेट ६-३ घेतला, दुसरा टायब्रेकमध्ये गमावला. तिसऱ्या सेटमध्ये ५-५ असताना तिच्या सर्व्हिसवर ०-४० अशी वेळ आली. तो गेम गेला असता तर मार्टिना अजिंक्यपदासाठी सर्व्हिस करायला उभी राहिली असती. ख्रिसने तो गेम वाचवला आणि पुढच्याच गेममध्ये मार्टिनाची सर्व्हिस मोडून सामना ७-५ने संपवला. शेवटचा फटका होता बॅकहँडचा, पुढे आलेल्या मार्टिनाच्या बाजूने सरळ रेषेत काढलेला. या विजयाने ती पुन्हा जगात पहिल्या क्रमांकावर आली. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच प्रतिस्पर्धीविरुद्ध, पहिला सेट २-६ गमावून तिने उरलेले दोन ६-३, ६-३ असे जिंकले. वय ३१. पॅरिसमधले ते तिचे सातवे अजिंक्यपद. महिलांच्या एकेरीत तो विक्रम आजही कोणी मोडलेला नाही.

यावर पहिला आक्षेप मातीचा. मातीवर ख्रिस दोघींत कायमच वरचढ होती. एकूण मातीवरचा हिशेब तिच्या बाजूने ११–३ असा आहे, तसा हिरवळीवरचा मार्टिनाच्या बाजूने १०–५. मग पॅरिसचे दोन विजय म्हणजे माती आपल्या लेकीला पावली, एवढेच नाही का? आक्षेप वजनदार आहे, पण त्याला १९८४चे पॅरिस आड येते. कोर्ट तेच, माती तीच, खेळाडू त्याच, आणि निकाल ६-३, ६-१ असा उलटा. बारा महिन्यांत माती बदलली नव्हती, बदलली होती ख्रिस. शिवाय जानेवारी १९८८मध्ये मेलबर्नच्या नव्या हार्ड कोर्टावर, ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य फेरीत, तेहतीस वर्षांच्या ख्रिसने मार्टिनाला ६-२, ७-५ असे सरळ दोन सेटमध्ये हरवले. तिथे माती कुठेच नव्हती. या अखेरच्या वर्षांत हिरवळीवर ती जिंकू शकली नाही हे मान्य करू. पण १९८७ आणि १९८८ या दोन्ही विम्बल्डन उपांत्य सामन्यांत तिने मार्टिनाला तिसऱ्या सेटपर्यंत नेले आणि ते सेट ६-४ आणि ७-५ असे सुटले. या बदलालाही मर्यादा होत्या, हेही सांगितले पाहिजे: १९८७च्या पॅरिसच्या उपांत्य फेरीत मार्टिनाने तिला मातीवरच ६-२, ६-२ असे धुतले होते.

दुसरा आक्षेप रॅकेटचा: श्रेय बाईचे नाही, ग्रॅफाइटचे. रॅकेटने ताकद दिली यात शंका नाही. पण ती बाजारात सगळ्यांनाच मिळत होती आणि मार्टिनाच्या हातात ख्रिसच्या आधी होती. दोन्ही बाजूंना सारखे मिळालेले साधन एकाच बाजूच्या सुधारणेचे कारण म्हणून चालत नाही. फार तर मागे राहिलेलीने अंतर भरून काढले असे म्हणता येईल. आणि ते भरून काढावेसे तिला का वाटले, हा प्रश्न मग पुन्हा मार्टिनापाशीच येऊन थांबतो.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. चुरस होती म्हणून त्या दोघी टिकल्या, की टिकल्या म्हणून चुरस लांबली? ट्रेसी ऑस्टिनचे उदाहरण पाहा. १९७९ आणि १९८१ची अमेरिकन ओपन जिंकणारी ही मुलगी या दोघींना पुरून उरेल असे वाटत होते. पण पाठीच्या दुखण्याने विशीच्या उंबरठ्यावरच तिची कारकीर्द मोडली. म्हणजे ज्यांची शरीरे तगली त्यांच्याच वाट्याला लांब चुरस आली, असे म्हणता येते. त्याहून बोचरे उदाहरण पुरुषांतले. ब्यॉन बोर्गला जॉन मॅकेन्रोसारखा उत्तम प्रतिस्पर्धी मिळाला आणि १९८१मध्ये विम्बल्डन व अमेरिकन ओपनच्या अंतिम फेऱ्या त्याच्याकडून हरल्यावर बोर्ग पंचविशीतच मोठ्या स्पर्धांतून बाजूला झाला. प्रतिस्पर्धी कारकीर्द वाढवतो तसा संपवतोही. म्हणून प्रतिस्पर्धी असला की आयुष्य आपोआप वाढते, असा नियम मी मांडत नाही. शरीर तगणे ही पहिली अट. दुसरी अट, हरणाऱ्याने पराभवाकडे शिकवणीसारखे पाहणे. बोर्गची पहिली अट पुरी होती, दुसरी झाली नाही. मार्टिनाने ती १९८१च्या ६-०, ६-० नंतर पुरी केली, ख्रिसने १९८४नंतर. एकाच चुरशीत दोघींनी आळीपाळीने विद्यार्थिनी होणे, हे या ८० सामन्यांचे वेगळेपण आहे.

चौथा आक्षेप असा, की त्या काळी महिलांच्या स्पर्धांत खोली नव्हती. आघाडीच्या चौघी-पाचजणी सोडल्या तर बाकीच्यांशी सामना म्हणजे सराव, त्यामुळे तिशीतही उपांत्य फेरी गाठणे सोपे. यात बरेच तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. ख्रिसने खेळलेल्या ५६ ग्रँड स्लॅम स्पर्धांपैकी ५२ मध्ये किमान उपांत्य फेरी गाठली, या थक्क करणाऱ्या आकड्यात पहिल्या फेऱ्यांच्या सोपेपणाचा वाटा नक्की आहे. पण हा आक्षेप माझ्या मुद्द्याला धक्का लावत नाही, उलट बळच देतो. बाकी मैदान सोपे असेल तर खेळ बदलण्याची गरज बाकीच्यांमुळे पडणार नाही. वर्षभर आठवड्यामागून आठवडे जिंकून एका बाईशीच हरायचे, ही ख्रिसची १९८३-८४मधली अवस्था होती. बदलाचा रेटा एकाच दिशेने येत होता.

या रेट्याला वैराची धार नव्हती, ही बाबही महत्त्वाची आहे. जुलै १९८६मध्ये फेडरेशन चषक स्पर्धा प्रागमध्ये भरली. आश्रय मागितल्यानंतर अकरा वर्षांनी मार्टिना पहिल्यांदा जन्मगावी आली, तीही अमेरिकेच्या संघातून. १९७५मध्ये हाच चषक तिने चेकोस्लोव्हाकियाला जिंकून दिला होता. संघात सोबत ख्रिस होती. अंतिम फेरीत ख्रिसने सुकोव्हाला आणि मार्टिनाने हाना मांडलिकोव्हाला हरवले आणि अमेरिकेने यजमानांवर ३–० असा विजय मिळवला. सरकारला नकोशा झालेल्या या मुलीसाठी प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दहा वर्षांपूर्वी जिच्या नजरेपासून खेळ लपवण्यासाठी ख्रिसने दुहेरीची जोडी मोडली होती, तिच्याच बाकावर ती आता बसली होती. लपवण्यासारखे दोघींपाशी एव्हाना काही उरले नव्हते.

मग ख्रिस थांबली कशामुळे? वय हे सोपे उत्तर. पण वय १९८५लाही होतेच. तिच्या पराभवांचे स्वरूप बदलले, हे उत्तर मला अधिक पटते. १९८७मध्ये स्टेफी ग्राफने पॅरिसची अंतिम फेरी मार्टिनाविरुद्ध ६-४, ४-६, ८-६ अशी जिंकली आणि १९८८मध्ये चारही ग्रँड स्लॅम आणि ऑलिंपिक सुवर्ण घेतले. त्याच वर्षी मेलबर्नमध्ये मार्टिनाला हरवून अंतिम फेरीत आलेल्या ख्रिसला ग्राफने ६-१, ७-६ असे हरवले. १९८९च्या वसंतात ह्यूस्टनच्या मातीवर पंधरा वर्षांच्या मोनिका सेलेसने तिच्याकडून अंतिम सामना जिंकला. जुलैमध्ये विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत ग्राफने तिला फक्त तीन गेम दिले. मार्टिना ही ख्रिसची उलट बाजू होती. तिच्याशी हरले की आपल्यात काय कमी आहे ते दिसायचे: ताकद, नेट, पाय. ग्राफ आणि सेलेस बेसलाइनवरूनच मारत होत्या. सेलेस तर दोन हातांनी खेळणारी, ख्रिसने रुळवलेल्या वाटेवरूनच आलेली. त्या तिचाच खेळ अधिक वेगाने आणि अधिक जोराने खेळत होत्या. अशा पराभवातून शिकण्यासारखे एकच उरते, ते म्हणजे पुन्हा सोळा वर्षांचे होणे. सप्टेंबर १९८९मध्ये शेवटच्या अमेरिकन ओपनमध्ये तिने सेलेसला ६-०, ६-२ने हरवून एक हिशेब फेडला आणि पुढच्याच फेरीत झीना गॅरिसनकडून ७-६, ६-२ असा पराभव घेऊन ग्रँड स्लॅम टेनिसचा निरोप घेतला. त्या स्पर्धेत तिला चौथे मानांकन होते.

मार्टिनाची पुढची वर्षे याच तर्काची दुसरी बाजू दाखवतात. बेसलाइनवरून खेळणाऱ्यांच्या जगात सर्व्ह-व्हॉली करणारी ती जवळपास एकटी उरली होती, म्हणून तिच्या भात्यातला बाण अजून नव्या मुलींच्या ओळखीचा नव्हता. १९९०मध्ये तिने पॅरिस सोडून दिले, सगळी शक्ती विम्बल्डनसाठी राखली आणि तेहतिसाव्या वर्षी नववे अजिंक्यपद मिळवून हेलन विल्सचा आठांचा विक्रम मोडला. ग्राफशी तिथे गाठ पडली नाही, उपांत्य फेरीत गॅरिसनने तिला बाहेर काढले होते. पण १९९१मध्ये अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत मार्टिनाने ग्राफलाही हरवले. १९९४मध्ये, सदतिसाव्या वर्षी, ती पुन्हा विम्बल्डनच्या अंतिम फेरीत होती. कोंचिता मार्टिनेझने तिला ६-४, ३-६, ६-३ने हरवले. त्याच वर्षअखेरीस तिने एकेरी थांबवली. नंतर दुहेरीसाठी परतल्यावर २००३मध्ये तिने मूळ गोव्याच्या पेस घराण्यातल्या लिअँडरसोबत ऑस्ट्रेलियन आणि विम्बल्डनची मिश्र दुहेरी जिंकली आणि २००६मध्ये, पन्नाशीला महिना उरला असताना, बॉब ब्रायनसोबत अमेरिकन ओपनची. दुहेरीत वेगापेक्षा नेटवरचे हात आणि डोळे जास्त टिकतात, हे खरे. पण ते हात अखेरपर्यंत तयार ठेवण्याची शिस्त १९८१चीच होती.

आजचा वाचक इथे सेरेना विल्यम्सचे नाव घेईल. ८० सामन्यांची चुरस नसताना ती चाळिशीपर्यंत खेळली, मग प्रतिस्पर्धीचे एवढे कौतुक कशाला? एक तर सेरेनाला घरातच व्हीनस होती. दोघी बहिणी ३१ वेळा समोरासमोर आल्या. दुसरे असे, की सेरेनाच्या पिढीला व्यायाम-प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ, मोजून आखलेले वेळापत्रक हे सारे तयार मिळाले. हे सारे रीतच व्हायच्या आधी कोणाला तरी ते वेडेपणा ठरवला जात असताना करावे लागले होते. मार्टिनाने ते ख्रिसला गाठण्यासाठी केले, ख्रिसने मार्टिनाला गाठण्यासाठी. पुढच्यांना ते कोणाला गाठण्याची गरज न पडता मिळाले, यातच त्या दोघींच्या चुरशीचा पैसा वसूल आहे. ग्रँड स्लॅम एकेरीत दोघींची अजिंक्यपदेही अखेर सारखीच भरली: १८ आणि १८.

४३–३७ हा निकाल मग खोटा ठरतो का? नाही. मार्टिना जास्त वेळा जिंकली आणि मोठ्या सामन्यांत तर ठळकपणे जास्त: ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेऱ्यांत १०–४. पण त्या ३७ पैकी शेवटचे सात विजय पहिल्या २१ विजयांच्या पंक्तीला बसवू नयेत. पहिले २१ मिळवायला ख्रिसला ख्रिस असणे पुरेसे होते. शेवटच्या सातांसाठी तिला निम्मी मार्टिना व्हावे लागले.

ख्रिस एव्हर्ट व्यावसायिक टेनिसमधला आपला अखेरचा सामना ऑक्टोबर १९८९मध्ये टोकियोत खेळली. फेडरेशन चषकाची अंतिम फेरी होती, समोर स्पेन. तिने कोंचिता मार्टिनेझला ६-३, ६-२ने हरवले आणि कोर्टाबाहेर आली. तिच्यानंतर त्याच कोर्टावर, त्याच संघातून, मार्टिना नवरातिलोव्हा उतरली. पहिला सेट ०-६ असा गमावून तिने अरांचा सांचेझला पुढचे दोन सेट ६-३, ६-४ने हरवले आणि चषक अमेरिकेचा झाला.